ऑइल कुठलं टाकू? (प्रस्तावना)

गाडी घेताना घरात महिना-महिना खल चालतो. रंग कुठला, पेट्रोल घ्यायची की सीएनजी, सनरूफ हवं का, मावसभावाच्या गाडीला अ‍ॅव्हरेज किती मिळतं, सगळ्याचा कीस पाडून होतो. त्याच गाडीत पुढं दर वर्षी तीन-साडेतीन लिटर इंजिन ऑइल पडतं, आणि ते कुठलं पडलं असं विचारलं तर उत्तर येतं, ‘गॅरेजवाल्यानं टाकलं ते.’ फार तर ब्रँडचं नाव आठवतं, कारण क्रिकेटच्या मॅचमध्ये त्याची जाहिरात लागते. हे पुस्तक त्या तीन-साडेतीन लिटरांविषयी आहे.

ज्यांना थोडी जास्त काळजी असते ते विचारतात, ‘सगळ्यात चांगलं ऑइल कुठलं?’ या प्रश्नाला उत्तर नाही, आणि ते का नाही हे सांगायलाच मला एवढी पानं लागली. पिस्टन, बेअरिंग, टायमिंग चेन यांचा जसा प्रत्येक इंजिनासाठी ठरलेला पार्ट असतो तसं ऑइलही ठरलेलं असतं. ते गृहीत धरूनच पंप केवढा ठेवायचा, बेअरिंगमध्ये फट किती सोडायची, ऑइलची भोकं किती बारीक पाडायची याचे हिशेब झालेले असतात. म्हणजे ऑइल हाही इंजिनाचा एक पार्टच. द्रवरूप आहे आणि वर्षाला बदलावा लागतो, इतकंच. शेजाऱ्याच्या गाडीचा पिस्टन कितीही भारी असला तरी तो आपल्या गाडीत बसवायला कुणी जात नाही. ऑइलच्या बाबतीत मात्र सर्रास जातात.

आपल्याकडे ‘जाड ऑइल तेच चांगलं’ हा समज घट्ट बसला आहे. त्याला कारण आहे. कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी, तिची काळी-पिवळी टॅक्सी आणि जोडीला अ‍ॅम्बॅसडर, या गाड्यांवर आपल्या मेकॅनिकांच्या दोन पिढ्या शिकल्या. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन मूळ फियाट ११००चं, म्हणजे जुन्याच आखणीचं. अशी इंजिनं वर्षानुवर्षं ओढून झाली की रिंगा झिजत, सायलेन्सरमधून निळा धूर येई, टॅपेट वाजू लागत. इंजिन खोलून बोअर करायला टॅक्सीवाल्याकडे पैसे नसत आणि गाडी चार दिवस उभी ठेवणंही परवडत नसे. मग मेकॅनिक ‘ट्वेंटी-फिफ्टी’, म्हणजे २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल, ओतायचा. ‘आवाज बसला बघा,’ म्हणायचा, आणि खरंच बसायचा. धूर कमी व्हायचा, गाडी आणखी वर्षभर धंदा करायची. त्या इंजिनाला तो इलाज योग्यच होता. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३मध्ये संपली. इलाज मात्र अजून चालू आहे, आणि आता तो नव्याकोऱ्या गाड्यांवर होतो.

नव्या गाडीत ऑइलच्या गळ्यात वंगणापलीकडची बरीच कामं पडली आहेत. व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ चालत्या गाडीत बदलणारी व्हीव्हीटीची यंत्रणा ऑइलच्या दाबावर हलते. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर बहुधा त्याच दाबावर उभा असतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेत असताना त्याच्या आणि बेअरिंगच्या मध्ये ऑइलचा पापुद्रा सोडून काही नसतं. जिथं पातळ ०डब्ल्यू-२० हवं तिथं २०डब्ल्यू-५० भरलं, तर सकाळी ते वेळेत वर पोचत नाही, व्हीव्हीटी अडखळते, अ‍ॅव्हरेज उतरतं, कधी डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो. काही इंजिनांत तर टायमिंग बेल्टच ऑइलमध्ये भिजत फिरतो. २०१३ साली इकोस्पोर्टबरोबर आपल्याकडे आलेलं फोर्डचं एक लिटरचं इकोबूस्ट इंजिन त्यातलंच. तिथं भलतं ऑइल गेलं की बेल्टचं रबर फुगतं, त्याचे कण सुटतात आणि चेंबरच्या तळाशी पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. जाळी तुंबली की दाब गेला. दाब गेल्यावर येणारं बिल ऑइलच्या डब्याच्या किमतीत मोजता येत नाही.

नाना पेठेतल्या एका स्पेअर पार्ट्सच्या दुकानात ऐकलेलं संभाषण इथं देतो. खेड्याकडून आलेला एक तरुण काउंटरवर उभा होता.

‘शेठ, भावाच्या गाडीला ऑइल पाहिजे. ट्रॅक्टरचा अर्धा डबा घरी शिल्लक आहे, तो चालंल का तसा?’

‘गाडी पेट्रोल का डिझेल? कुठल्या सालची?’

‘पेट्रोल. साल काय माहीत नाय.’

‘पुस्तकात काय लिहिलंय?’

‘पुस्तक कोण वाचतंय शेठ!’

दुकानदार मुरलेला होता. त्यानं घरी फोन लावायला लावला. पाच मिनिटांत वहिनींनी ग्लोव्ह बॉक्समधली पुस्तिका शोधून पानाचा फोटो पाठवला. पुस्तिका अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होती, हेही त्यांनी हसून सांगितलं. पानावर ०डब्ल्यू-२० लिहिलेलं होतं. पोरानं डबा हातात घेऊन हलवला, आतलं ऑइल पाण्यासारखं खळखळलं. ‘हे एवढं पातळ? इंजिन बसंल की!’ शेठनं वाद घातला नाही. फोटोतल्या आकड्यावर आणि डब्यावरच्या आकड्यावर आळीपाळीनं बोट ठेवलं आणि बिल फाडलं.

हे आकडे नीट समजून घेतले की निम्मं पुस्तक वाचल्यासारखं आहे. ऑइलची जाडी मोजून तिला आकडे देण्याची पद्धत अमेरिकेतल्या ऑटोमोबाइल इंजिनीअरांच्या संस्थेनं, म्हणजे एसएईनं, १९११ साली सुरू केली. ५डब्ल्यू-३०मधला डब्ल्यू विंटरचा. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सैल राहतं ते सांगतो. ०डब्ल्यूची चाचणी उणे ३५ अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३०ला, १५डब्ल्यूची उणे २०ला, २०डब्ल्यूची उणे १५ला. नंतरचा आकडा १०० अंशांना, म्हणजे इंजिन तापून रुळल्यावर, ऑइलमध्ये जाडी किती उरते त्याचा. सेंटिस्टोक्स या जाडीच्या एककात ३० म्हणजे ९.३ ते १२.५, ४० म्हणजे १२.५ ते १६.३. यातून एक मोठा गैरसमज निघतो: ऑइल थंड असताना ५ असतं आणि तापलं की जाड होऊन ३० होतं. तसं काही होत नाही. डिसेंबरात बरणीतून न पडणारी काकवी गरम केल्यावर पळायला लागते, ऑइलचंही तेच आहे. ५डब्ल्यू-३० ऑइल ४० अंशांना साधारण ६० सेंटिस्टोक्स असतं आणि १०० अंशांना दहा-अकरावर येतं. त्यातली पॉलिमरची लांबलचक साखळी थंडीत आखडून बसते आणि उष्णतेत पसरते, त्यामुळे ते एकाच आकड्याच्या साध्या ऑइलापेक्षा कमी पातळ होतं, एवढीच मल्टीग्रेडची, म्हणजे दोन आकड्यांच्या ऑइलची, करामत. आणि वापरून वापरून ही साखळी तुटत जाते, हेही लक्षात ठेवायचं.

विदर्भातल्या वाचकांचा एक मुद्दा मी आधीच घेतो, कारण तो येणारच. ‘आमच्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ला जातो, आम्हाला जाडच ऑइल हवं.’ तर्क सरळ आहे, पण इंजिनाच्या पोटात चंद्रपूरचा उन्हाळा नसतो. थर्मोस्टॅट नावाची झडप कूलंटचं तापमान ९० अंशांच्या आसपास राखते, आणि अर्ध्या तासाच्या प्रवासानंतर चंद्रपूरच्या दुपारी चालणाऱ्या आणि महाबळेश्वरच्या पहाटे निघालेल्या गाडीतलं ऑइल जवळजवळ सारखंच तापलेलं असतं. बाहेरच्या हवेपेक्षा इंजिनावरचा भार जास्त बोलतो. सात माणसं आत, टपावर सामान आणि कसाऱ्याचा घाट दुसऱ्या गिअरवर, हा खरा उन्हाळा. पहिल्या आकड्याचं महत्त्व लेहला निघणाऱ्या पुणेकरांना जास्त. हिवाळ्यात तिकडं पारा शून्याच्या बराच खाली उतरतो, आणि तिथं सकाळी २०डब्ल्यू ऑइल ढवळताना स्टार्टर आणि बॅटरी दोघंही रडतात. पण मुंबईच्या वीस अंशांतही रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं आणि पहिल्या स्टार्टनंतर ते कॅमशाफ्टपर्यंत चढावं लागतं. ते जितकं सैल तितकं बरं.

इथं एक शंका रास्त आहे. पातळ ऑइलनं इंधन वाचतं, आणि सरकारनं गाड्यांच्या सरासरी इंधनखपतीवर कॅफेचे निकष लावल्यापासून कंपन्यांना ते वाचवणं भागच आहे. मग पातळ ऑइलची शिफारस इंजिनाच्या भल्यासाठी की निकषांसाठी? दोन्हींसाठी, असं माझं मत आहे. म्हणून पुस्तिकेत एकच आकडा नसून तापमानाच्या पट्ट्यांचा तक्ता असेल तर तो नीट पाहावा. पुष्कळ कंपन्या ०डब्ल्यू-२० पसंतीचं म्हणतात आणि शेजारी ५डब्ल्यू-३०लाही परवानगी देतात. गाडी सतत भरलेली, घाटातली किंवा हायवेवर ताणली जाणारी असेल तर परवानगीतलं जाड ऑइल मी खुशाल घेईन. तक्त्याबाहेरचं मात्र घेणार नाही.

जाडीनंतर दर्जा, आणि इथं आकड्यांपेक्षा अक्षरांना जास्त किंमत आहे. डब्याच्या मागच्या बाजूला अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं, म्हणजे एपीआयचं, वर्तुळ असतं. त्यात पेट्रोलसाठी एसनं सुरू होणारी जोडी असते: एसएन २०१० साली आली, एसपी मे २०२०मध्ये, एसक्यू मार्च २०२५मध्ये. पुढचं अक्षर मागच्या अक्षराची जागा घेऊ शकतं, मागचं पुढच्याची नाही. एसपी येण्यामागं ठोस कारण होतं. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत कमी वेगात जोर मागितला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटायचं आणि पिस्टन फुटायचे. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या रसायनांनी हा प्रकार वाढतो असं आढळलं, तेव्हा कृतीच बदलावी लागली. टर्बो पेट्रोल गाडीत जुनं एसएल किंवा एसएम स्वस्तात मिळालं म्हणून टाकणं म्हणजे हा धोका पदरात घेणं. युरोपातल्या वाहननिर्मात्यांच्या संघटनेची, म्हणजे एसीईएची, पद्धत वेगळी आहे. तिथं सी३ हे सी२च्या वरच्या वर्गात नसतं, ती दोन वेगवेगळी कामं आहेत. फोक्सवॅगन, मर्सिडीज, बीएमडब्ल्यू यांचे तर स्वतःचे क्रमांक आहेत. फोक्सवॅगनच्या ५०८ ०० क्रमांकाच्या ऑइलला हिरवा रंग दिलेला असतो, म्हणजे मेकॅनिकची गल्लत होऊ नये. अशा गाड्यांच्या बाबतीत डब्यावर ‘अमुक क्रमांकाला मान्यता मिळालेलं’ आणि ‘अमुक क्रमांकासाठी योग्य’ ही दोन वाक्यं वेगळी समजावीत. पहिल्यात गाडीच्या कंपनीनं तपासलेलं असतं, दुसरं ऑइलवाला स्वतःच्या जबाबदारीवर म्हणतो.

या पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण बीएस-६ डिझेल गाड्यांवर आहे, कारण चुकीच्या ऑइलचा सगळ्यात महाग फटका तिथं बसतो. १ एप्रिल २०२०पासून नव्या डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी धरणारा फिल्टर, डीपीएफ, आला. काजळी साठली की गाडी ती जाळून टाकते. पण ऑइलमध्ये कॅल्शियम, झिंक असे धातू असतात, थोडं ऑइल जळतंच, आणि त्याची राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये कायमची बसते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं: सी३ ऑइलमध्ये राखेची मर्यादा ०.८ टक्के, तर जुन्या ए३/बी४मध्ये ती १.६पर्यंत जाऊ शकते. जुन्या सुमोला, बोलेरोला चाललेलं ऑइल इथं का चालत नाही, ते यावरून कळेल. दुसरी गंमत, खरं तर गंमत नाहीच, अशी की काजळी जाळण्यासाठी पुष्कळ इंजिनं सिलेंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडतात, आणि त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळत चेंबरमध्ये जातं. गाडी रोज चार किलोमीटर शाळेपर्यंतच जात असेल तर जाळण्याचं काम अर्ध्यात सुटतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा सुटतं. डिपस्टिकवरची पातळी कमी व्हायची ती वाढू लागते. ‘आमची गाडी ऑइल पितच नाही, उलट वाढतंय,’ असं कौतुकानं सांगणाऱ्या मालकानं त्याच दिवशी सर्व्हिस सेंटर गाठावं. त्याच्या चेंबरमध्ये डिझेल मिसळलेलं ऑइल आहे.

सिंथेटिकबद्दल थोडक्यात. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या रोटरी इंजिनांत चक्क एरंडेल घालत, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही. त्याचे फवारे उघड्या कॉकपिटमधल्या वैमानिकांच्या नाकातोंडात जात आणि एरंडेलाचा जो परिणाम व्हायचा तो आकाशात होई. तिथून आपण बरेच पुढं आलो. पण डब्यावरच्या ‘सिंथेटिक’ या शिक्क्यावर फार भाळू नये. १९९९ साली अमेरिकेत मोबिलनं कॅस्ट्रॉलविरुद्ध तक्रार केली होती, की हे खनिज तेलच भरपूर शुद्ध करून सिंथेटिक म्हणून विकतात. जाहिरातींचा निवाडा करणाऱ्या संस्थेनं कौल कॅस्ट्रॉलच्या बाजूनं दिला, आणि तेव्हापासून हायड्रोक्रॅकिंगनं शुद्ध केलेलं खनिज तेलही सिंथेटिक या नावानं बाजारात चालतं. ते वाईट नसतं, उत्तम असतं. पण ‘सेमी-सिंथेटिक’मध्ये सेमी किती, ते डब्यावर शोधून सापडत नाही. ब्रँडच्या भांडणांचंही तसंच. ऑइलमध्ये तीन-चतुर्थांशाहून जास्त बेस ऑइल असतं आणि बाकीची रसायनं. ती रसायनं जगभरात मुख्यतः चार कंपन्या बनवतात: ल्युब्रिझॉल, इन्फिनियम, अफ्टन आणि शेव्हरॉन ओरोनाइट. त्यातल्या ल्युब्रिझॉलचा कारखाना आपल्या तुर्भ्याला आहे. ज्या दोन ब्रँडांवरून कट्ट्यावर हमरीतुमरी होते, त्यांची रसायनं एकाच टाकीतून आलेली असू शकतात.

घरात मोटारसायकलही असते, म्हणून तिच्यापुरता एक इशारा. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच ऑइलांमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात आणि त्यांनी क्लच घसरू शकतो. तिला जासो या जपानी मानकाचं एमए किंवा एमए२ लिहिलेलंच ऑइल हवं. कारचं उरलेलं अर्धा लिटर बाइकला, ही काटकसर महागात पडते.

किती दिवसांनी बदलायचं? पुस्तिकेत बहुधा दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं असतं. त्याखाली बारीक अक्षरांत ‘कठीण वापर’ असं एक कलम असतं आणि तिथं मुदत कमी केलेली असते. धूळ, सतत थांबत-चालत जाणारी वाहतूक, छोटे प्रवास अशी त्याची व्याख्या. हिंजवडी किंवा घोडबंदर रोडवर रोज जाणाऱ्यानं ती वाचून आपण कुठल्या रकान्यात बसतो ते स्वतःच ठरवावं. रंगावरून मात्र काही ठरवू नये. डिझेलचं ऑइल काही दिवसांतच काळं पडतं, ते काजळी उचलून धरतंय म्हणून. उलट सीएनजीवर काजळी धरत नाही, त्यामुळे मुदत उलटली तरी डिपस्टिकवर ऑइल सोनेरी दिसतं आणि मालक निर्धास्त राहतो. आत ते उष्णतेनं आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांनी जाड होत गेलेलं असतं. पावसाळ्यात झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ साय दिसली तर ती छोट्या प्रवासांतलं साठलेलं पाणी असू शकतं. डिपस्टिकवरही तसंच दुधाळ दिसलं तर हेड गॅस्केट तपासावं. आणि पुरात बुडालेल्या गाडीला कुणीही, कितीही धीर सुटला तरी, स्टार्टर मारू नये.

निघालेल्या काळ्या ऑइलवरही एक प्रकरण आहे. सेंटरिंगच्या फळ्यांना चोपडायला आणि गोठ्याच्या वाशांना वाळवी लागू नये म्हणून आपण ते जपून ठेवतो. कायद्यानं तो घातक कचरा आहे. २०१६च्या नियमांनी त्याची विल्हेवाट बांधून दिली आणि १ एप्रिल २०२४पासून ते परत गोळा करून पुनर्वापरात आणण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्यांवरही आली. ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे जातं का, हे गॅरेजवाल्याला विचारा. रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला भोक पाडा, झाकण वेगळं टाका. नकली ऑइल अशाच चांगल्या डब्यांतून परत काउंटरवर येतं.

या पुस्तकात कुठल्याही ब्रँडची शिफारस नाही. ‘मग विकत कुठलं घेऊ?’ असं शेवटी विचाराल, तर ते तुमच्या गाडीत आधीच लिहून ठेवलेलं आहे. पहिलं प्रकरण उघडण्याआधी ग्लोव्ह बॉक्समधली पुस्तिका बाहेर काढा, पिशवीत असेल तर पिशवी फाडा, ‘इंजिन ऑइल’ हे पान शोधा आणि या पुस्तकाच्या आतल्या कोऱ्या पानावर तीन गोष्टी पेन्सिलीनं लिहा: ग्रेड, दर्जाचं अक्षर किंवा क्रमांक, आणि फिल्टरसकट किती लिटर. ही तीन उत्तरं समोर नसताना पुढं वाचू नका. वाचलंत तरी उपयोग व्हायचा नाही.